जुना स्टीरिओ रिसीव्हर पारखताना: देखणेपण, बांधणी आणि त्यांचे एकमेकांशी नाते

प्रश्न पुण्याच्या एका वाचकाचा आहे. न्यू जर्सीत राहणारा त्यांचा भाऊ दिवाळीला घरी येणार आहे आणि येताना एक जुना स्टीरिओ रिसीव्हर आणण्याची त्याची तयारी आहे. त्याने तिथे तीन संच पाहून ठेवले आहेत: मॅरँट्झ २२७०, पायोनियर एसएक्स-७८० आणि यामाहा सीआर-१०२०. तिन्ही चालू आहेत. किमतीचा प्रश्न बाजूला ठेवून यांतला सर्वांत भक्कम कोणता, सर्वांत देखणा कोणता, आणि देखणेपणावरून आतल्या कामाचा अंदाज बांधता येतो का, असे त्यांनी विचारले आहे.

निवड आधी सांगतो आणि मग कारणे देतो. मी यामाहा घेईन. मॅरँट्झची मूळ अवस्था चांगली राहिली असेल, तर तोही तितक्याच आनंदाने घेईन. पायोनियर तिसऱ्या क्रमांकावर ठेवेन, आणि तो पायोनियर वाईट कंपनी होती म्हणून नव्हे. त्याच कंपनीने त्याच्या दोनच वर्षे आधी काढलेले संच मी १९७० च्या दशकातल्या सर्वोत्तम बांधणीत धरतो. माझ्या मते या व्यवहारात नावापेक्षा दोन गोष्टी अधिक बोलतात: संच कोणत्या वर्षीचा आहे आणि त्या वर्षीच्या मालिकेत तो कितव्या पायरीवर होता.

रिसीव्हर म्हणजे रेडिओचा ट्यूनर, प्रीअँप (काय ऐकायचे ते निवडणारा आणि सूर-आवाज सांभाळणारा भाग) आणि पॉवर अँप (स्पीकरला ताकद देणारा भाग) एकाच पेटीत. या जातीच्या संचांचा बहर साधारण १९७१ ते १९८० या काळातला, त्यांतले बहुतेक जपानमध्ये तयार झालेले आणि मुख्य गिऱ्हाईक अमेरिकेतले. खुद्द जपानमधल्या हौशी लोकांना वेगवेगळ्या पेट्यांत मिळणारे ट्यूनर आणि अँप अधिक पसंत होते. अमेरिकेतल्या व्यापाराने या संचांची बांधणी कशी घडवली, याचे सर्वांत ठळक उदाहरण १९७४ सालचे आहे. तोपर्यंत जाहिरातींत वॉटचे आकडे मन मानेल तसे छापले जात असत. त्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की छापलेली ताकद दोन्ही चॅनेल, म्हणजे डावी आणि उजवी बाजू, एकाच वेळी चालवून, सलग मोजलेली असावी आणि मोजण्यापूर्वी अँप एक तृतीयांश ताकदीवर तासभर चालवलेला असावा. या संचांतल्या अँपमध्ये सर्वाधिक उष्णता नेमकी एक तृतीयांश ताकदीच्या आसपास निर्माण होते. पूर्ण आवाजावर तिचे प्रमाण उलट कमी असते. त्यामुळे ही तासाभराची परीक्षा उतरायची तर हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर सोडणारे धातूचे भाग, मोठे हवेत आणि ट्रान्सफॉर्मर जाड हवा, हे कंपन्यांना मान्य करावे लागले. १९७५ ते १९७७ या तीन वर्षांतले संच उचलताना जे वजन हाताला जाणवते, त्यामागे अभियंत्यांच्या हौसेइतकाच हा नियमही आहे.

त्याच सुमारास वॉटची चढाओढ सुरू झाली. पायोनियरने १९७६ मध्ये एसएक्स-१२५० काढला, दर चॅनेलला १६० वॉटचा. सान्सुई, केनवूड, मॅरँट्झ, टेक्निक्स सगळे त्या शर्यतीत उतरले आणि १९७८ मध्ये पायोनियरचा एसएक्स-१९८० दर चॅनेलला २७० वॉट आणि पस्तीस किलो वजनावर जाऊन पोहोचला. याच १९७८ च्या उत्तरार्धात येन इतका महागला की डॉलरला दोनशे येनही मिळेनात. जपानमध्ये बनवून अमेरिकेत विकणाऱ्याला खर्च कुठून तरी कापणे भाग होते. शिखरावरच्या मॉडेलमध्ये कापून चालत नाही, कारण त्यावर कंपनीची प्रतिष्ठा असते. मग कात्री लागते ती मधल्या आणि खालच्या पायऱ्यांना. तुमच्या यादीतला एसएक्स-७८० तिथला आहे.

त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, तर तिघांत तोच प्रथम नजरेत भरेल. चंदेरी पट्टी, डायलमागचा पिवळसर सोनेरी उजेड आणि संगीताबरोबर डोलणारे पॉवरचे दोन मीटर. आता गंमत पाहा. १६० वॉटच्या एसएक्स-१२५० वर पॉवरचे मीटर नाहीतच. त्याच्या डायलजवळ स्टेशन नीट लागले की नाही एवढेच सांगणारे मीटर आहेत. ४५ वॉटच्या एसएक्स-७८० वर मात्र ते आहेत, कारण १९७८ मध्ये दुकानातल्या गिऱ्हाइकाला हलणारा काटा हवा होता.

झाकण काढल्यावर चित्र बदलते. १९७६ च्या एसएक्स-७५० मध्ये, म्हणजे याच पायरीवरच्या आधीच्या मॉडेलमध्ये, ५० वॉटचा पॉवर अँप सुट्या ट्रान्झिस्टरांनी बांधलेला आहे. एखादा ट्रान्झिस्टर गेला तर त्याच्या तोडीचा दुसरा बसवता येतो. एसएक्स-७८० मध्ये दर चॅनेलला एक, असे सान्योचे एसटीके-००५० हे तयार मॉड्यूल आहेत. संपूर्ण आउटपुट त्या एका काळ्या ठोकळ्यात बंद असतो. तो वाईट वाजतो असे मी मुळीच म्हणणार नाही. हवा खेळती ठेवली आणि योग्य स्पीकर लावले, तर हे ठोकळे चाळीस वर्षांहून अधिक टिकल्याचे पाहायला मिळते. पण त्यांचे उत्पादन बंद झालेले आहे आणि बाजारात त्याच नावाने मिळणाऱ्या मालात नकली मालाचा सुळसुळाट आहे. ठोकळा जळला, तर दुरुस्ती म्हणजे अस्सल मॉड्यूलचा शोध, आणि तो कधी संपेल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. बांधणी चांगली की वाईट हे ठरवताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हा संच बिघडला, तर जवळच्या चांगल्या मेकॅनिकला तो बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांनी उभा करता येईल का?

मॅरँट्झ २२७० ची गोष्ट वेगळी आहे. सॉल मॅरँट्झ यांनी न्यू यॉर्कमध्ये उभी केलेली ही कंपनी १९६४ मध्ये सुपरस्कोपकडे गेली आणि या मालिकेचे संच जपानमध्ये तयार होऊ लागले, पण दिसण्याची शिस्त जुनीच राहिली. २२७० हा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा, दर चॅनेलला ७० वॉटचा. मॉडेलच्या आकड्यातच वॉट लिहिण्याची ही पद्धत या मालिकेत सरसकट आहे. २२३० म्हणजे ३०, २२४५ म्हणजे ४५. पुढच्या पट्टीवर किंचित सोनेरी झाक असलेले घासून गुळगुळीत केलेले अ‍ॅल्युमिनियम आहे, नॉब त्याच धातूचे आहेत, आणि संच बंद असताना डायल काळसर, जवळजवळ निर्जीव दिसतो. चालू केला की तीच जागा निळ्या उजेडाने भरते. अंधाऱ्या खोलीत याच्या तोडीचा दिसणारा दुसरा संच मी तरी सांगू शकणार नाही.

या निळ्या उजेडामागची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. आतले दिवे निळे नसतात. काचेच्या फ्यूजच्या आकाराचे ते साधे दिवे असतात. त्यांच्या आणि डायलच्या मध्ये चर्मपत्रासारखा एक अर्धपारदर्शक कागद असतो, जो उजेड सारखा पसरवतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हा कागद तपकिरी पडतो, ठिसूळ होतो, दिव्यासमोरच्या भागात करपतोदेखील, आणि मग डायल एका बाजूला उजळ आणि दुसरीकडे मळकट दिसू लागतो. अनेकजण अशा वेळी कागद काढून टाकतात आणि गडद निळे एलईडी बसवतात. त्यामुळे मूळचा शांत, किंचित हिरवट छटेचा निळा रंग जाऊन दुकानाच्या पाटीसारखा भडक निळा येतो. भावाला संच पाहायला पाठवाल तेव्हा अंधारात डायलचा फोटो काढायला सांगा. रंग डोळ्यांत खुपला, तर आत कोणीतरी हात घातला आहे हे समजून पुढची चौकशी करा.

मॅरँट्झचे स्टेशन लावायचे चाक आडवे बसवलेले आहे. पट्टीतून त्याची फक्त कड बाहेर दिसते. बोटाने ढकलले की ते जड फ्लायव्हील आपल्या वेगाने फिरत राहते आणि काटा डायलच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. दिसणे आणि बांधणी ज्या ठिकाणी एकच होतात, अशी ही जागा आहे. चाकाला वजन नसेल, बेअरिंग सैल असेल किंवा डायलची दोरी ढिली झाली असेल, तर ते सौंदर्य त्या क्षणी नाहीसे होते. म्हणून जुना रिसीव्हर पारखताना मी डोळ्यांच्या आधी बोटांवर विश्वास ठेवतो. चाकाला एक झटका द्यावा आणि काटा न अडखळता किती लांब जातो ते पाहावे. खटके वर-खाली करून त्यांचा आवाज ऐकावा. व्हॉल्युमचा नॉब बाजूला हलवून पाहावा, तो डुगडुगता कामा नये. पोकळ प्लॅस्टिकवर चंदेरी मुलामा दिलेला नॉब आणि धातूच्या कांबीतून कातलेला नॉब यांतला फरक फोटोत दिसत नाही, हातात लगेच कळतो. कंपनीने कुठे पैसे वाचवले याची ती पहिली खूण असते.

लाकडी पेटीबद्दल एक बाब अनेकांना माहीत नसते. मॅरँट्झच्या या संचांबरोबर अक्रोडाच्या व्हिनियरची पेटी मुळात येतच नसे. डब्ल्यूसी-२२ या नावाची ती पेटी वेगळे पैसे भरून घ्यावी लागे. त्यामुळे आज फोटोत दिसणारी सुंदर लाकडी पेटी नंतर कोणीतरी नव्याने बनवलेली असण्याची शक्यता बरीच असते. नवी पेटी असण्यात वावगे काही नाही, फक्त मूळ म्हणून तिची किंमत मोजू नये. पायोनियरच्या एसएक्स-१०५० किंवा १२५० सारख्या वरच्या मॉडेलना पेटी सोबतच मिळत असे. खालच्या मॉडेलमध्ये, कंपनी कोणतीही असो, बहुधा दाबलेल्या भुशाच्या फळीवर लाकडाच्या रेषा छापलेला प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पेटीच्या मागच्या कडेला, जिथे सहसा कोणी पाहत नाही, तिथे नखाने चाचपून पाहावे. रेषा कडेवर जिथल्या तिथे तुटत असतील आणि कड चकचकीत असेल, तर ते छापील आहे. पुण्याच्या हवेत अशी फळी निभावून जाईल. मुंबई, अलिबाग किंवा गोव्याच्या पावसाळ्यात मात्र ती तळाच्या कडेपासून फुगू लागते आणि फुगलेली फळी पूर्ववत होत नाही.

आता यामाहा. सीआर-१०२० हा १९७७ च्या सुमाराचा, दर चॅनेलला ७० वॉटचा, म्हणजे ताकदीत २२७० च्या बरोबरीचा. पहिल्या भेटीत तो साधा, काहीसा अबोल वाटतो. फिकट चंदेरी पट्टी, बारीक अक्षरे, सडपातळ खटके, आणि एकाही ठिकाणी उगाच मोठा केलेला नॉब नाही. याच काळात यामाहाने आपल्या टीसी-८०० या कॅसेट डेकचे रूप इटलीच्या मारिओ बेलिनी यांच्याकडून घडवून घेतले होते, यावरून त्या कंपनीत दिसण्याचा विचार किती गांभीर्याने होत होता हे लक्षात येईल. सीआर मालिकेत जागा वाटून देण्याचे कौशल्य आहे. काय ऐकायचे आणि काय ध्वनिमुद्रित करायचे, यासाठी दोन स्वतंत्र निवडी आहेत, त्यामुळे रेकॉर्ड ऐकत असताना रेडिओ टेपवर घेता येतो. लाउडनेसची सोयही केवळ चालू-बंद अशी नाही. व्हॉल्युम आपल्याला लागेल त्या कमाल आवाजावर ठेवायचा आणि मग लाउडनेसचा नॉब मागे आणत आवाज कमी करायचा. आवाज कमी होत जातो, पण हळू आवाजात मानवी कानाला कमी जाणवणारे खालचे आणि वरचे सूर प्रमाणात राखले जातात. रात्री उशिरा, घरातले झोपलेले असताना, तबल्याचा बायाँ अंगासकट ऐकायचा असेल तर या नॉबाचे मोल कळते.

ही सोय पट्टीवर एका साध्या नॉबासारखीच दिसते. दिखाऊपणा टाळूनही आत जास्त काम केलेले आहे, म्हणून मी यामाहाच्या देखणेपणाला सर्वांत वरचे स्थान देतो. मॅरँट्झ मन लवकर जिंकतो, यामाहा रोज वापरताना आवडत जातो. हा माझा कौल आहे, आणि निळ्या डायलच्या प्रेमात असलेल्या माणसाने तो मानलाच पाहिजे असे नाही.

आतल्या कामाविषयी तिघांना लागू पडेल असे थोडे सांगतो. त्या दशकातल्या अनेक चांगल्या जपानी संचांत बोर्डांना जोडणाऱ्या तारा सोल्डर केलेल्या नसतात. चौकोनी धातूच्या खुंटीभोवती तार यंत्राने घट्ट गुंडाळलेली असते. खुंटीच्या धारदार कोपऱ्यांत तार रुतते आणि ती जागा हवेपासून बंद राहते, म्हणून असे जोड पन्नास वर्षांनंतरही शाबूत असतात. नवख्या मेकॅनिकला ते सैल वाटतात आणि तो प्रत्येक खुंटीवर सोल्डर ओततो. असा संच दिसला तर मी सावध होतो. याच्या उलट, काही कंपन्यांनी मोठे कंडेन्सर बोर्डावर हलू नयेत म्हणून वापरलेला डिंक हा खरा शत्रू आहे. मूळचा फिकट पिवळा डिंक काळाबरोबर तपकिरी होतो, थोडी वीज वाहू देतो आणि शेजारच्या भागांच्या पायांना गंज चढवतो. सान्सुईच्या संचांत त्याचा उपद्रव विशेष आढळतो. म्हणून ११० वॉटचा ९०९० हा दोन मीटरांचा रुबाबदार संच मी कोणालाही तो डिंक खरवडून काढल्याची खात्री केल्याशिवाय सुचवत नाही. तो साफ केलेला असेल, तर मात्र त्याच्याइतकी ऐटबाज आणि भरीव गोष्ट या दशकात फार थोडी आहे.

युरोपातल्या संचांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी दिसण्याचा प्रश्न निघालाच आहे म्हणून एवढेच म्हणतो. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनचा बिओमास्टर १९००, याकोब येन्सेन यांनी घडवलेला आणि १९७६ मध्ये आलेला, नुसत्या स्पर्शाने चालतो आणि टेबलावर एखाद्या चपट्या पट्टीसारखा पडून राहतो. नॉब दाखवण्याऐवजी लपवण्याचा तो विचार आहे आणि त्या विचारात तो परिपूर्ण आहे. मात्र आपल्याकडे त्याची दुरुस्ती करणारा माणूस शोधावा लागतो. अमेरिकेच्या मॅकिंटॉशची काचेची काळी पट्टी आणि तिच्यातून उजळणारी हिरवी अक्षरे हीदेखील पाहण्यासारखी चीज आहे, पण ती वेगळ्या खिशाची बाब आहे.

डायलच्या काचेविषयीची सूचना भावाला आजच कळवा. डायलवरचे आकडे बहुधा काचेच्या आतल्या बाजूला छापलेले असतात आणि चाळीस-पन्नास वर्षांनंतर त्या शाईची पकड अगदी नाजूक झालेली असते. विकणारा किंवा घेणारा, कोणीही उत्साहाने झाकण उघडून काच साफ करण्याच्या द्रवाने आतून पुसले, तर आकडे फडक्यावर उतरतात आणि ते परत आणण्याचा सोपा उपाय नाही. आतली धूळ मऊ ब्रशने झटकावी, ओले काही लावू नये. पुढच्या पट्टीवरच्या अक्षरांनाही स्पिरिट लावू नये. किंचित ओलसर सुती कापड पुरते.

वीज आणि रेडिओचे काय, हे देखणेपणात येत नाही, पण त्यावर निवड फिरू शकते. अमेरिकेत विकलेल्या संचांपैकी बहुतेक केवळ १२० व्होल्टचे असतात. परदेशांसाठी आणि अमेरिकी लष्कराच्या दुकानांसाठी बनवलेल्या काहींच्या मागे २२० आणि २४० निवडण्याची सोय असते, तेव्हा मागच्या बाजूचा फोटो आधी मागवा. सोय नसेल, तर ५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपियर) स्टेपडाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर इथेच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात चांगल्या दुकानातून घ्या आणि तो १२० ऐवजी ११० व्होल्ट देणारा मागा, कारण ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला संचातला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर थोडा जास्त तापतो आणि कमी व्होल्टेज त्याला सोसते. अमेरिकन संचाचा एफएम ८८ ते १०८ असल्याने आपली सर्व स्टेशने लागतात, फक्त तिथली प्रक्षेपणाची पद्धत किंचित वेगळी असल्यामुळे वरचे सूर जरा मऊ ऐकू येतात. ट्रेबल थोडा वाढवला की भागते. जपानच्या अंतर्गत बाजारातला संच मात्र रेडिओसाठी घेऊ नका. त्याचा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ इतकाच असतो आणि आपली खासगी स्टेशने ९१ च्या पुढे सुरू होतात.

यामाहा आणि मॅरँट्झ दोन्ही सतरा-अठरा किलोच्या आसपास आहेत, म्हणजे विमानाच्या तेवीस किलोच्या मर्यादेत बसतील, पण खोकी आणि फोम यांच्या पॅकिंगला पाच किलोच उरतात. संचातला ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असल्यामुळे खोके आदळले की चेसिस तिथे वाकते आणि पट्टी तिरकी होते. भावाला सांगा की लाकडी पेटी असेल तर ती काढून वेगळ्या बॅगेत आणावी, नॉबांवर भार येणार नाही अशा बेताने पुढच्या पट्टीसमोर चार बोटे जाड, घट्ट फोम ठेवावा, संच एका खोक्यात आणि ते खोके दुसऱ्या खोक्यात घालावे, आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला बाहेरून ठळक खूण करावी. पुण्यात पोहोचल्यावर तो लगेच प्लगला लावू नका. झाकण उघडून सुटलेला स्क्रू किंवा तार कुठे नाही ना ते पाहा, आणि पहिल्यांदा वीज देताना स्टेपडाउनच्या वाटेत ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब ओळीने (सीरिजमध्ये) जोडा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर संच ठीक आहे. तो तसाच प्रखर जळत राहिला, तर वीज बंद करा आणि संच मेकॅनिककडे न्या.